डेटाबेसचा बॅकअप: कोणता, कधी आणि किती दिवस ठेवायचा? खान्देशातल्या पेढ्या, पतसंस्था आणि कारखान्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या छोट्या-मध्यम व्यवसायांत संगणक सांभाळणाऱ्यांसाठी हे पान आहे. अनेक ठिकाणी हे काम अकाउंटंटच करतो, वेगळा माणूस नसतो. त्यालाही समजेल असं लिहिलं आहे. उदाहरणं बहुतेक एसक्यूएल सर्व्हरची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची आहेत. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसवाल्यांसाठी पुढे स्वतंत्र उत्तर आहे.

बॅकअपचं नियोजन कुठून सुरू करायचं?

रिस्टोअरपासून, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत उभा करण्यापासून. आज दुपारी सर्व्हर बंद पडला असं धरा आणि मालकाला दोन गोष्टी विचारा. किती वेळाचं काम पुन्हा हाताने भरता येईल? आणि सॉफ्टवेअर किती वेळ बंद राहिलं तर चालेल? पहिल्या मर्यादेला आरपीओ म्हणतात, दुसरीला आरटीओ. पुढचं सगळं वेळापत्रक या दोन आकड्यांवर ठरतं.

हे आकडे धंद्यागणिक बदलतात. जळगावच्या एमआयडीसीतल्या एखाद्या दालमिलमध्ये दिवसाला मोजकी बिलं होतात आणि प्रत्येकाची छापील प्रत फाईलला लागलेली असते. दिवसाचं काम गेलं तरी दोन माणसं बसून संध्याकाळपर्यंत ते पुन्हा भरतील. तिथे रोज रात्री एक फुल बॅकअप पुरतो. पतसंस्थेत तसं चालत नाही. ठेवीदार पैसे भरून पावती घेऊन गेलेला असतो. पिग्मी एजंटाच्या मशीनमधली वसुली उतरवून घेतलेली असते आणि मशीन दुसऱ्या दिवसासाठी रिकामं केलेलं असतं. तिथला अर्ध्या तासाचा डेटा गेला तर तो आणायचा कुठून? सराफी पेढीवर तर एरवीचा मंगळवार वेगळा आणि आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दिवस वेगळा.

म्हणून हे दोन आकडे मालकाने किंवा संचालक मंडळाने द्यायचे असतात. बहुतेक वेळा पहिलं उत्तर येतं, "आमचं काहीच जायला नको." ते तसंच लिहून घेऊ नका. शून्य नुकसानासाठी दुसरा सर्व्हर, त्याचं लायसन्स, सतत चालणारी प्रतिकृती (दुसऱ्या सर्व्हरवर त्याच वेळी तयार होणारी डेटाची प्रत) आणि ती सांभाळणारा माणूस लागतो, हे खर्चासकट समोर ठेवा. मग खरा आकडा बाहेर येतो. बहुतेकांचा तो पंधरा मिनिटं ते एक दिवस यांच्या मधे कुठेतरी बसतो.

फुल, डिफरन्शियल, इन्क्रिमेंटल आणि लॉग बॅकअप यांत फरक काय?

फुल बॅकअप म्हणजे त्या क्षणाचा सगळा डेटाबेस. तो एकटा पुरेसा असतो, पण मोठा असतो आणि वेळ घेतो. डिफरन्शियलमध्ये शेवटच्या फुल बॅकअपनंतर जे जे बदललं ते सगळं येतं. त्यामुळे सोमवारचा छोटा असतो आणि शनिवारपर्यंत फुगत जातो. इन्क्रिमेंटलमध्ये फक्त आधीच्या बॅकअपनंतरचे बदल येतात, मग तो आधीचा कोणत्याही प्रकारचा असो. रोजची फाईल लहान राहते, पण परत उभं करताना मधली प्रत्येक कडी लागते. एक फाईल खराब निघाली की तिच्यापुढच्या सगळ्या निरुपयोगी ठरतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये इन्क्रिमेंटल नावाचा वेगळा प्रकार नाही. ते काम तिथे लॉग बॅकअप करतो.

लॉग समजून घ्यायचा असेल तर आपली रोजकीर्द आठवा. प्रत्येक व्यवहार आधी कीर्दीत क्रमाने उतरतो, नंतर खतावणीत जातो. डेटाबेसही प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो. म्हणून जुनी खतावणी आणि तिच्यानंतरची सगळी कीर्द हातात असेल तर हिशोब कोणत्याही मिनिटापर्यंत पुन्हा उभा करता येतो.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. चोपड्याजवळची एक जिनिंग मिल धरा. कापसाचा हंगाम भरात आहे आणि काट्यावर गाड्यांची रांग आहे. रविवारी रात्री ११ वाजता फुल, इतर रोज रात्री ११ वाजता डिफरन्शियल आणि दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप असं वेळापत्रक आहे. गुरुवारी दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी डिस्क गेली. आता काय लागेल? रविवारचा फुल, बुधवार रात्रीचा डिफरन्शियल आणि तिथून गुरुवारी साडेतीनपर्यंतच्या ६६ लॉग फायली. सोमवार-मंगळवारच्या डिफरन्शियलची गरज नाही. काट्यावरच्या शेवटच्या १० मिनिटांच्या नोंदी तेवढ्या गेल्या, त्या काटापट्ट्यांवरून पुन्हा भरता येतात.

याच मिलने डिफरन्शियल घेतलेच नसते तर रविवारपासूनच्या ३५४ लॉग फायली एकामागून एक लावाव्या लागल्या असत्या. होतं तेही, पण वेळ लागतो, आणि बाहेर कापूस भरलेल्या गाड्या उभ्या असताना तो वेळ फार जड जातो. डिफरन्शियलचा खरा उपयोग रिस्टोअरच्या दिवशी कळतो.

आणखी एक. डेटा असलेली डिस्क गेली पण लॉगची फाईल दुसऱ्या डिस्कवर शाबूत असेल, तर आधी तिचा शेवटचा बॅकअप घ्या. याला टेल-लॉग बॅकअप म्हणतात. तो मिळाला तर वरची १० मिनिटंही वाचतात. डेटा आणि लॉग वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा असं आग्रहाने सांगतात ते यासाठीही.

फुल बॅकअप रोज घेतो, तरी लॉग फाईल वाढतच चालली आहे. का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. रिकव्हरी मॉडेल म्हणजे लॉग किती जपायचा हे ठरवणारी डेटाबेसची सेटिंग. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर असेल तर लॉगमधली जागा फक्त लॉग बॅकअप घेतल्यावर पुन्हा वापरायला मोकळी होते. फुल बॅकअप कितीही घेतले तरी ती मोकळी होत नाही. सॉफ्टवेअर बसवताना कुणी लॉग बॅकअप लावलाच नाही तर ५ जीबीच्या डेटाबेसला ६० जीबीचा लॉग झालेला दिसतो, आणि एक दिवस डिस्क भरून सगळं काम थांबतं.

मग कुणीतरी सांगतं, सिंपल मॉडेल करा आणि लॉग श्रिंक करा (फाईल आकसून लहान करा). जागा मिळते, पण त्या क्षणी लॉगची साखळी तुटते. सिंपल मॉडेलवर लॉग बॅकअप घेताच येत नाही, म्हणजे नुकसानीची मर्यादा थेट शेवटच्या फुल किंवा डिफरन्शियलपर्यंत मागे जाते. दालमिलसारख्या ठिकाणी एका दिवसाचं नुकसान मान्य असेल तर सिंपल मॉडेल हा अगदी योग्य निर्णय आहे, फक्त तो विचार करून घेतलेला असावा. पतसंस्थेत किंवा सराफी पेढीत मॉडेल फुलच ठेवा आणि दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप लावा. काही कारणाने सिंपलवर जाऊन परत फुलवर आलात, तर लगेच एक फुल किंवा डिफरन्शियल बॅकअप घ्या. त्याशिवाय साखळी पुन्हा सुरू होत नाही.

रात्री ११ ची वेळ सगळ्यांना चालते का?

नाही. वेळ ठरवण्याआधी आठवडाभर नुसतं बघा की तुमच्याकडे काम केव्हा चालतं.

सावदा-रावेर भागात केळीच्या गाड्यांच्या नोंदी रात्री उशिरापर्यंत चालतात. माल भरून झाल्याशिवाय हिशोब बंद होत नाही. जिनिंग आणि तेल मिल हंगामात तिन्ही पाळ्यांत चालतात. नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याचं वर्षाचं बहुतेक काम हिवाळ्यात होतं आणि पावसाळ्यात संगणक दिवसभर रिकामा असतो. अशा ठिकाणी फुल बॅकअप पाळी बदलण्याच्या वेळेला किंवा पहाटे ठेवा. बॅकअप चालू असताना काम बंद करावं लागत नाही, फक्त डिस्कवर ताण येऊन सॉफ्टवेअर थोडं हळू चालतं.

पतसंस्थेत दिवसाला दोन बॅकअप हवेत: एक डे-एंडच्या (दिवसअखेरच्या प्रक्रियेच्या) आधी आणि एक नंतर. डे-एंडमध्ये व्याजाची आकारणी होते आणि रकमा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग होतात. ती प्रक्रिया अर्धवट अडकली, तर आधीच्या बॅकअपवर परत जाऊन ती पुन्हा चालवणं हा सर्वांत स्वच्छ मार्ग असतो. मार्चएंडला आणि अर्धवार्षिक व्याजाच्या दिवशी तर हे चुकवूच नका.

दुकानांत वेगळीच अडचण येते. वेळ रात्री ११ ची लावलेली असते आणि नऊ वाजता शटर ओढताना कुणीतरी मेन स्विच बंद करतो. बॅकअप महिनोन्‌महिने होत नाही आणि कुणाला पत्ता लागत नाही. जिथे संगणक रात्री बंद होतो तिथे वेळ दुपारच्या जेवणाची ठेवा, किंवा विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये चुकलेलं काम संगणक सुरू होताच करण्याचा पर्याय निवडा. तो आधीपासून निवडलेला नसतो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद खोलीतला सर्व्हर दुपारी तापतो, डिस्क आणि यूपीएसच्या बॅटऱ्या याच दिवसांत जास्त दगा देतात. नेमकी याच सुमाराला आखाजी येते आणि सराफ बाजारात गर्दी उसळते. मार्च संपला की यूपीएस तपासून घ्या, आणि आखाजीच्या आठवड्यात लॉग बॅकअपची वेळ १५ वरून ५ मिनिटांवर आणा. दसरा आणि धनत्रयोदशीलाही तेच करा.

आमच्याकडे एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्सप्रेस आवृत्ती आहे. तिच्यात वेळापत्रक लावायची सोय दिसत नाही.

बरोबर आहे, एक्सप्रेसमध्ये एसक्यूएल सर्व्हर एजंट, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारा भाग, मिळत नाही. बॅकअपची आज्ञा मात्र तिथेही चालते. ती एका बॅच फाईलमध्ये एसक्यूएलसीएमडीमार्फत (सर्व्हरला आज्ञा देणारा छोटा प्रोग्राम) लिहा आणि ती फाईल टास्क शेड्युलरला द्या. स्वतः स्क्रिप्ट लिहायची नसेल तर ओला हॅलेनग्रेन यांच्या मोफत स्क्रिप्ट जगभर वापरल्या जातात आणि एक्सप्रेसवरही चालतात. एक्सप्रेसमध्ये बॅकअप आकुंचित करण्याची सोय नसते, म्हणून फाईल तयार झाल्यावर झिप करून मगच बाहेर पाठवा.

सॉफ्टवेअरवाले येऊन पेनड्राइव्हवर बॅकअप घेऊन जातात. त्याने काही बिघडतं का?

बिघडू शकतं, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. डिफरन्शियल नेहमी शेवटच्या फुल बॅकअपवर आधारलेला असतो. तुमचा फुल रविवारचा आहे. मंगळवारी कुणी येऊन साधा फुल बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला आणि घेऊन गेला. आता बुधवारचा डिफरन्शियल त्या मंगळवारच्या फाईलवर बसतो, आणि ती फाईल पुण्याच्या किंवा नाशिकच्या कुठल्यातरी लॅपटॉपमध्ये आहे. शुक्रवारी गरज पडली तर रविवारचा फुल आणि गुरुवारचा डिफरन्शियल एकमेकांना जुळणार नाहीत. मधल्या सगळ्या लॉग फायली असतील तर सुटका होते, नाहीतर नाही.

उपाय सोपा आहे. असा मधला बॅकअप नेहमी कॉपी-ओन्ली पर्याय लावून घ्यायचा. त्याने साखळीला धक्का लागत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच सांगा, आणि आपला डेटा कोण कुठे नेतो याची नोंदही ठेवा. त्यात तुमच्या खातेदारांची नावं, फोन नंबर आणि रकमा असतात.

डेटाबेसची फाईलच रोज कॉपी केली तर? किंवा तो फोल्डर गूगल ड्राइव्हला जोडला तर?

चालू डेटाबेसची एमडीएफ फाईल (एसक्यूएल सर्व्हरची मुख्य डेटा फाईल) तशीच कॉपी होत नाही, कारण सर्व्हरने ती धरून ठेवलेली असते. सर्व्हिस बंद करून कॉपी केली तर होते, पण रोज कोण बंद करणार? मायएसक्यूएलच्या फायली चालू असतानाही कॉपी होतात आणि तेच जास्त धोक्याचं आहे. अर्धी फाईल आधीची आणि अर्धी नंतरची अशी प्रत तयार होते आणि ती उघडतच नाही. सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये चालू डेटाबेस कधीही ठेवू नका. तयार झालेली बॅकअप फाईल तिथे ठेवायला हरकत नाही.

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेससाठी काय करायचं?

तत्त्व तेच, साधनं वेगळी. मायएसक्यूएलमध्ये मायएसक्यूएलडंप (सगळा डेटा एका फाईलमध्ये उतरवणारं साधन) घेताना सिंगल-ट्रान्झॅक्शन पर्याय लावा, म्हणजे इनोडीबी (टेबल साठवण्याचा आजचा नेहमीचा प्रकार) टेबलांची एकाच क्षणाची सुसंगत प्रत मिळते आणि काउंटर थांबत नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मायआयसॅम या जुन्या प्रकारची टेबलं असतील तर या पर्यायाचा त्यांना उपयोग होत नाही, ती बदलून घ्या. रूटीन्स आणि इव्हेंट्स (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम आणि ठरल्या वेळची कामं) वेगळे सांगितल्याशिवाय डंपमध्ये येत नाहीत, हे विसरू नका. दोन डंपच्या मधला काळ भरून काढण्यासाठी बायनरी लॉग असतो. आवृत्ती ८ पासून तो आधीच चालू असतो, पण तो त्याच डिस्कवर पडून राहिला तर डिस्कबरोबर जातो. दर थोड्या वेळाने तो दुसरीकडे पाठवायला हवा. डेटा मोठा असेल, तर डंप परत भरायला तासन्‌तास लागतात. तेव्हा डेटाच्या फायलींचाच बॅकअप घेणाऱ्या पर्कोना एक्स्ट्राबॅकअपकडे वळा.

पोस्टग्रेसमध्ये पीजी-डंप लहान डेटाबेससाठी ठीक आहे. त्यात युजर आणि त्यांचे अधिकार येत नाहीत, ते पीजी-डंपऑलने वेगळे घ्यावे लागतात. मिनिटापर्यंत परत जायचं असेल तर पीजी-बेसबॅकअप आणि त्यासोबत वॉल फायलींचं (पोस्टग्रेसच्या लॉगचं) आर्काइव्हिंग लावा. २०२४ मध्ये आलेल्या १७ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये इन्क्रिमेंटल बेसबॅकअपही घेता येतो.

सर्व्हरला रेड डिस्क आहेत, शिवाय दुसऱ्या मशीनवर प्रतिकृतीही चालते. मग बॅकअप कशाला?

रेड, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक डिस्क, एका डिस्कच्या बिघाडापासून वाचवतं, प्रतिकृती एका मशीनच्या बिघाडापासून. पण कुणी अपडेटच्या आज्ञेत अट लिहायला विसरला आणि सगळ्या खात्यांची शिल्लक शून्य झाली, तर ते शून्य काही सेकंदांत दोन्हीकडे पोचतं. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) नेटवर्कवरून दोन्ही मशीनवर पोचू शकतं. मागच्या वेळेत परत नेणारी गोष्ट फक्त बॅकअप आहे. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती टिपणारी प्रत) अपडेट टाकण्यापूर्वी जरूर घ्या, पण तो त्याच साठवणीवर असतो, म्हणून त्याला बॅकअप समजू नका.

सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे. आता तरी चिंता मिटली ना?

थोडी. ॲमेझॉनच्या आरडीएससारख्या क्लाउड डेटाबेस सेवांत स्वयंचलित बॅकअप असतो, पण तो जास्तीत जास्त ३५ दिवस टिकतो, आणि किती दिवस ठेवायचा हे कुणीतरी ठरवून लावावं लागतं. खातं बंद झालं किंवा बिल थकलं तर काय, हे सॉफ्टवेअर कंपनीला लेखी विचारा. महिन्यातून एकदा तुमचा संपूर्ण डेटा तुमच्या हातात मिळेल अशी अट करारात घाला.

बॅकअपच्या प्रती कुठे ठेवायच्या?

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. हा ३-२-१ नियम जुना आहे आणि अजूनही पुरतो. दुसरी जागा म्हणजे त्याच इमारतीचा वरचा मजला नव्हे. मुख्य कार्यालय धुळ्यात आणि शाखा शिरपूरला असेल तर शिरपूरला ठेवा. शाखा नसेल तर क्लाउडवर ठेवा.

सर्व्हरला कायम जोडलेला एक्सटर्नल ड्राइव्ह रॅन्समवेअरच्या दृष्टीने सर्व्हरचाच भाग असतो. दोन ड्राइव्ह घ्या, आलटूनपालटून लावा, आणि एक नेहमी काढलेला ठेवा. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये बॅकअप जात असेल तर त्या फोल्डरचा पासवर्ड सर्व्हरच्या ॲडमिन पासवर्डपेक्षा वेगळा हवा. क्लाउडवर फाईल ठराविक दिवस पुसताच येणार नाही अशी सोय मिळते, ती वापरा.

क्लाउडवर पाठवण्याआधी गणित करून बघा. आकुंचित फुल बॅकअप २० जीबीचा आणि अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल, तर सगळं सुरळीत चाललं तरी जवळजवळ साडेचार तास लागतात. तालुक्याच्या गावी लाईन मधे तुटली तर पहाट होते. अशा वेळी फुल बॅकअप आठवड्यातून एकदा, शनिवारच्या रात्री पाठवा आणि रोज फक्त डिफरन्शियल व लॉग जाऊ द्या.

बॅकअप नीट झाला आहे हे कळायचं कसं?

परत उभा करून. दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

बॅकअप घेताना चेकसम (फाईल बिघडली का हे ओळखणारा पडताळा) पर्याय लावा आणि नंतर व्हेरिफाय-ओन्ली आज्ञेने फाईल तपासा. या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण त्यांतून फाईल वाचता येते एवढंच कळतं, आतला डेटाबेस धड आहे हे कळत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर तो रिस्टोअर करा आणि त्यावर डीबीसीसी चेकडीबी ही डेटाबेस तपासणारी आज्ञा चालवा.

गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. ३१ जानेवारी २०१७ ला एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपचे अनेक मार्ग होते. पण पीजी-डंपची आवृत्ती सर्व्हरशी जुळत नसल्याने तो कित्येक दिवस अपयशी ठरत होता, आणि तो अपयशी झाल्याचे ईमेल पोचतच नव्हते. शेवटी सुदैवाने सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट सापडला. तेवढ्या वेळाचा डेटा गेला तो गेलाच. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, म्हणून आज आपल्याला शिकता येतं. त्यातून आपल्यासाठी एक नेमकी गोष्ट घ्या: बॅकअप फसल्यावरच संदेश येणार असेल तर संदेश न येण्याचा अर्थ लावता येत नाही. रोज यशाचा संदेश येऊ द्या, फाईलच्या आकारासकट. ज्या दिवशी तो आला नाही त्या दिवशी बघा. आकार अचानक निम्मा झाला तरीही बघा.

रिस्टोअरची तपासणी माणसाने हिशोबाने करायची असते. पतसंस्थेत ती अशी करा. चाचणीच्या संगणकावर शनिवारच्या डे-एंडनंतरचा बॅकअप उभा करा. मग कॅशियरने सही केलेला शनिवारचा छापील रोजमेळ समोर घ्या आणि अखेरची रोकड शिल्लक जुळवा. तेरीज काढून दोन्ही बाजू जुळतात का बघा. पिग्मी खात्यांची एकूण बाकी जनरल लेजरशी ताडून पाहा. शेवटचा व्हाउचर नंबर बघा. मग दोन-चार खातेदारांची पासबुकं घेऊन एकेक ओळ लावून पाहा. हे सगळं जुळलं की त्या तारखेसह वहीत लिहा, आणि घड्याळात किती वेळ लागला तेही लिहा. मालकाने सुरुवातीला "दोन तासांत सुरू व्हायला हवं" असं सांगितलं असेल आणि रिस्टोअरलाच पाच तास लागत असतील, तर ते आज शांतपणे कळलेलं चांगलं.

बॅकअप किती दिवस ठेवायचे?

लॉग आणि डिफरन्शियल किमान दोन-तीन आठवडे, आठवड्याचे फुल दोन-तीन महिने, महिनाअखेरचा फुल वर्षभर आणि ३१ मार्चचा फुल अनेक वर्षं. चुकीची नोंद बहुधा ऑडिटच्या वेळी, म्हणजे काही महिन्यांनी सापडते. फक्त मागचे सात दिवस ठेवणाऱ्यांकडे तेव्हा चुकीच्याच प्रती उरलेल्या असतात.

कायद्याचंही बघा. जीएसटी कायद्यानुसार हिशोब आणि कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. कंपनी असेल तर हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. शिवाय ऑगस्ट २०२२ मधल्या दुरुस्तीपासून, हिशोब संगणकावर ठेवणाऱ्या कंपनीला त्याचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे. प्रोप्रायटरी किंवा भागीदारी पेढीला हा कंपनी नियम लागू नाही. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू होतं ते सीएंना विचारा.

जुना बॅकअप वाचता येईल याचीही तजवीज ठेवा. एसक्यूएल सर्व्हरच्या नव्या आवृत्तीवरचा बॅकअप जुन्या आवृत्तीवर उघडत नाही. फाईलच्या शेजारी आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवा आणि त्या काळच्या सॉफ्टवेअरचा सेटअपही.

बॅकअपला पासवर्ड किंवा एन्क्रिप्शन लावावं का?

इमारतीबाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रतीला लावा. ड्राइव्ह बसमध्ये राहिला तर शेकडो लोकांची माहिती उघडी पडते. पण चावी किंवा सर्टिफिकेट त्याच सर्व्हरवर एकट्याने ठेवू नका. सर्व्हर गेला की चावी जाते आणि मग तो बॅकअप कुणालाच उघडता येत नाही, अगदी मायक्रोसॉफ्टलाही. सर्टिफिकेटची प्रत आणि पासवर्ड वेगवेगळ्या बंद पाकिटांत, एक तिजोरीत आणि एक दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे ठेवा.

ही जबाबदारी नेमकी कुणाची?

एका माणसाची, नावानिशी, आणि तो रजेवर असताना दुसऱ्या एकाची. "सॉफ्टवेअरवाले बघतात" असं गृहीत धरू नका. वार्षिक देखभाल कराराचा कागद काढून वाचा. बहुतेक करारांत बॅकअप ही ग्राहकाची जबाबदारी असं स्पष्ट लिहिलेलं असतं. एका पानावर वेळापत्रक, प्रतींच्या जागा, आवृत्ती, फोन नंबर आणि रिस्टोअरच्या पायऱ्या छापून भिंतीवर लावा. पासवर्ड तेवढे त्यावर नकोत. सर्व्हर बंद असताना सर्व्हरमधली वर्ड फाईल उघडत नाही, म्हणून छापलेलंच हवं.

आत्ताच चुकून डेटा डिलीट झाला आहे. पहिल्यांदा काय करू?

सगळ्यांना काम थांबवायला सांगा आणि घड्याळात बघून वेळ लिहून ठेवा. सर्व्हर बंद-चालू करू नका, दुरुस्तीचं कोणतंही साधन चालवू नका. डेटाबेस फुल मॉडेलवर असेल तर लगेच एक लॉग बॅकअप घ्या. चूक होण्याआधीचं सगळं त्यात आलेलं असतं.

मग चालू डेटाबेसवर काहीही न लिहिता, वेगळ्या नावाने नवीन डेटाबेस रिस्टोअर करा. आधी फुल, मग डिफरन्शियल, मग लॉग, आणि शेवटच्या लॉगला स्टॉप-ॲट (ठराविक वेळेला थांबण्याचा पर्याय) लावून चुकीच्या एक मिनिट आधीची वेळ द्या. उदाहरणार्थ, ३ वाजून १२ मिनिटांनी डिलीट झालं असेल तर ३ वाजून ११. नव्या डेटाबेसमध्ये हवी ती टेबलं आहेत का बघा आणि फक्त गेलेल्या नोंदी तिथून मूळ डेटाबेसमध्ये आणा. असं केलं की ३ वाजून १२ नंतर इतर काउंटरवर झालेलं कामही टिकतं. घाईत मूळ डेटाबेसवरच जुना बॅकअप ओढला तर तेही जातं.

वेळ नेमकी आठवत नसेल तर एकेक मिनिट मागे जात पुन्हा रिस्टोअर करा. वेळ लागेल, पण बॅकअप फायलींना त्याने काही होत नाही. त्या कितीही वेळा वापरता येतात. नोंदी परत आल्यावर काउंटर सुरू करण्याआधी शेवटचा पावती क्रमांक कॅशियरच्या हातातल्या पावतीपुस्तकाशी ताडून बघा, आणि ताबडतोब एक नवा फुल बॅकअप घ्या.